देऊळ, गायरान आणि पाणंद

(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



मी तालुका कचेरीतला कारकून. शिक्षण दहावीपर्यंत, भाषणाची सवय नाही. परंतु समितीने आग्रह केला म्हणून उभा आहे. जे बोलणार ते कचेरीच्या वतीने नव्हे, तर या गावचा एक रहिवासी म्हणून, हे आधीच सांगतो.

आज कळस चढला. कोणी देणगी दिली, कोणी दगड-वाळू दिली, ज्याच्याकडे काही नव्हते त्याने चार दिवस अंगमेहनत केली. हे सगळ्यांचे काम आहे आणि ते तडीस गेले, याचा आनंद मोठा आहे. पण मंडळी, आपला देव गाभाऱ्यात बसून राहणारा नाही. यात्रेच्या दिवशी पालखी निघते ती पाणंदीने नदीवर जाते, स्नान होते आणि माळावर येते. तिथे गुलाल उधळतो, सासनकाठ्या नाचतात, धनगर बांधवांचे गजीनृत्य होते, दुपारनंतर कुस्त्यांचा फड भरतो. बेंदराची बैलांची मिरवणूक वेशीतून निघते, दिंडी येते तेव्हा तिचा मुक्काम माळावर पडतो. यांतले एकही काम चार भिंतींत होत नाही. देवळाला जसा पाया, तशी या सगळ्याला मोकळी जमीन लागते. तो पाया खचत चालला आहे, म्हणून हे दोन शब्द.

ही जमीन कोणाची? लोक म्हणतात, सरकारची, म्हणजे कोणाचीच नाही. हा समज चुकीचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २२ पाहा. गावच्या गुरांना फुकट चराई, वैरण, जळण, स्मशान, खळवाड, बाजार, मुक्कामाची जागा, रस्ते अशा कामांसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद त्यात आहे. एकदा राखून ठेवलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. कलम २३ प्रमाणे तिथल्या चराईचा हक्क त्या त्या गावच्या गुरांचा आहे. म्हणजे सातबारावर नाव सरकारचे असले तरी उपभोग गावाचा आहे.

आता पाणंदीचे. गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी १८३५ साली इंदापूर तालुक्यापासून नव्या पद्धतीची जमीन मोजणी सुरू केली. ती पुढे मुंबई इलाख्यात पसरली. मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तो एक गुंठा, हे आपल्याला माहीत आहे. त्याच साखळीच्या हिशोबाने वाटा धरलेल्या आहेत. पायवाट पाव साखळी म्हणजे सव्वाआठ फूट, गाडीवाट अर्धी साखळी म्हणजे साडेसोळा फूट किंवा त्याहून थोडी जास्त. गावनकाशावर या वाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. नकाशावर साडेसोळा फूट असलेल्या पाणंदीतून आज पालखीच्या दोन भोयांना जोडीने चालता येत नाही. असे एका रात्रीत होत नाही. दरवर्षी नांगराचे एक तास पुढे सरकते. शेजारी भांडण नको म्हणून गप्प बसतो, आणि वीस वर्षांनी वाट कागदावर राहते.

यावर उपाय आहेत. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत पुष्कळांना ठाऊक नसते, आणि खरे प्रकरण त्यापायी बाद होते. ज्याच्या शेताला रस्ताच नाही, त्याला संहितेच्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून वाट मागता येते. सार्वजनिक रस्त्यावरचे व मोकळ्या जागेवरचे अतिक्रमण काढण्याचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात, कलम ५३ मध्ये, पंचायतीला दिलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात, पंजाबातल्या एका गावतळ्याच्या निमित्ताने, गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करून गावाला परत देण्याची योजना आखावी असे सर्व राज्यांना बजावले.

पण इथे एक गोष्ट जपून बोलली पाहिजे. गायरान वाचवायचे म्हणून गरिबाच्या झोपडीवर बोट ठेवायचे आणि वीस एकरवाल्याने दाबलेल्या दोन एकरांकडे काणाडोळा करायचा, हा न्याय नव्हे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते पडीक सरकारी जमीन कसायला मिळावी म्हणून. २०११ च्या निकालातसुद्धा भूमिहीनांना सरकारने रीतसर दिलेल्या जमिनीचा आणि शाळा-दवाखान्यांचा अपवाद सांगितलेला आहे.

कोणी म्हणेल, आता बैल गेले, ट्रॅक्टर आले, गायरान हवे कशाला? ज्याच्या स्वतःच्या बांधाला गवत आहे, त्याला गायरान नसले तरी चालते. दोन शेळ्यांवर मुलांची फी भरणाऱ्या बाईला ते नसून चालत नाही. दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन निघणाऱ्या वाड्याला वाटेत उतरायला जागा नसली तर तो जाणार कुठे? आपल्याच शेतात मेंढ्या बसवून खत मिळावे म्हणून आपण त्यांची वाट पाहतो ना? बैलगाडा शर्यतीवर २०१४ साली बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. न्यायालयाने वाट मोकळी केली. धावायला मैदानच उरले नाही तर त्या निकालाचे काय करायचे? देवराईचेही तसेच. देवाच्या रानाला कुऱ्हाड लावायची नाही, हे आपल्या वाडवडिलांनी पाळले. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि त्या रीतीचे मोल जगाला सांगितले.

आता थोडे स्पष्ट बोलतो, वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. निधीतली जी रक्कम शिल्लक आहे तिच्यातून माळाला भिंत घालावी आणि रस्त्याच्या अंगाला गाळे काढावेत, असा एक विचार समितीपुढे आहे. हेतू चांगला आहे, देवळाचा दिवाबत्तीचा खर्च त्यातून निघेल. परंतु माळ देवस्थानचा नाही, गावाच्या उपभोगाची ती सरकारी जमीन आहे. अतिक्रमणाची नोंद गाव नमुना एक-इ मध्ये होते. उद्या भिंत उभी राहिली तर त्या नोंदवहीत अतिक्रमण करणाऱ्याच्या रकान्यात खुद्द भैरवनाथाचे नाव लिहावे लागेल. ते आपल्यापैकी कोणाला आवडेल? आणि देवानेच माळ दाबला म्हटल्यावर पाणंद दाबणाऱ्याला बोलायला आपल्याला तोंड राहणार नाही.

म्हणून माझी नम्र सूचना अशी. येत्या ग्रामसभेत ठराव करावा. प्रथम माळ, पाणंद आणि नदीची वाट यांची शासकीय मोजणी करून घ्यावी, हद्दीचे दगड रोवावेत. ज्यांचा नांगर पुढे आला आहे त्यांना घरी बोलावून, चहा पाजून, गोडीगुलाबीने मागे घ्यायला सांगावे. दावा हा शेवटचा उपाय. शिल्लक रकमेतून पाणंदीवर मुरूम पडावा, माळावर गुराढोरांसाठी पाण्याचा हौद बांधावा आणि कडेने वड, पिंपळ, कडुनिंब लावावेत. पाणंद रस्त्यांसाठी शासनाची मातोश्री ग्रामसमृद्धी योजना २०२१ पासून आहे, तिचा अर्ज पंचायतीमार्फत करावा. अर्ज लिहिण्याचे, नकला काढण्याचे काम मी सुटीच्या दिवशी विनामोबदला करीन. माझ्यापाशी द्यायला पैसा नाही, एवढी लेखणी आहे.

देणगीदार बंधूंना एकच सांगणे. आपले नाव संगमरवरी पाटीवर लागले, ते लागलेच पाहिजे. पण आपली मुले यात्रेला येतील तेव्हा त्यांना पालखीमागे चालायला वाट आणि कुस्ती पाहायला माळ असावा, ही देणगीही आपल्याच हातून घडावी.

भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!