आमचा प्रतिनिधी कोणाला बांधील?



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. आमचे शाळेतले शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या गेटवर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि वाचनालयातून घरी नेलेल्या पुस्तकांवर. तेव्हा आपणांस शिकविण्याचा आव आम्ही आणणार नाही. आम्ही सावित्रीकाठच्या सवचे. निवडणूक जवळ आली म्हणजे आमच्याकडे ऊन पाण्याच्या कुंडावर एकच प्रश्न निघतो : 'यंदा कोण येणार?' आज आम्हांस दुसरा प्रश्न विचारावयाचा आहे. जो येतो, तो आल्यावर कोणाला बांधील असतो? महाड-पोलादपूरच्या प्रतिनिधित्वाचा शंभर वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाच्या उजेडात पाहावा, एवढाच आमचा हेतू आहे.

मुंबई इलाख्याचे कायदेमंडळ १८६२ साली बसले तेव्हा त्यातले सभासद सरकारने नेमलेले होते. नेमणूक सरकारची, म्हणून बांधिलकीही सरकारशी; यात लपवाछपवी नव्हती. १९१९ च्या कायद्याने निवडणुकांची व्याप्ती वाढली, परंतु मताचा हक्क मुख्यतः सारा आणि मालमत्ता यांना जखडलेला राहिला. आपल्या भागात तेव्हा खोती होती. सरकारात सारा भरणार खोत, आणि चिखलात उतरून भात लावणार कूळ. कुळाच्या घामाची नोंद खोताच्या वहीत असे, सरकारच्या मतदारयादीत नसे. म्हणजे निवडून आलेला सभासद ज्यांचा म्हणवीत होता, त्यांतल्या बहुसंख्यांनी त्याला निवडलेलेच नव्हते.

अशा त्या कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पाण्याला मात्र कोणाचा हात लागला नाही. तीन वर्षे ठराव दप्तरात राहिला आणि तळे जागच्या जागी राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग लोक तळ्यापर्यंत चालत गेले, ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा कुठे त्या ठरावाला अर्थ आला. त्याबद्दल त्यांनी मारही खाल्ला. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. हक्काचा निकाल उच्च न्यायालयाकडून मिळण्यास १७ मार्च १९३७ उजाडावा लागला.

या घटनेतून आम्ही दोन गोष्टी शिकलो. पहिली ही की, प्रतिनिधीने सभागृहात हात वर केला म्हणजे काम झाले असे नव्हे. ज्यांच्यासाठी हात वर झाला, त्यांची पावले मागून यावी लागतात. दुसरी जरा नवलाची आहे. त्या वेळी बाबासाहेब स्वतः कायदेमंडळाचे सभासद होते, आणि तेही सरकारनियुक्त. नेमणूक सरकारची, बांधिलकी मात्र तळ्यावर आलेल्या माणसांशी! आणि महाडला परिषद भरावी म्हणून ज्यांनी खटपट केली ते आपल्याच तालुक्याचे रा. बा. मोरे तर कोणत्याही सभागृहाचे सभासद नव्हते. प्रतिनिधित्व केवळ मतपेटीतून निघत नाही, हे आपल्या गावाने जगाला दाखविले आहे.

पुढला अध्याय खोतीचा. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष निघाला, १९३७ च्या निवडणुकीत मुंबईच्या विधानसभेत पोहोचला, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. तिकडे अलिबाग तालुक्यात चरी भागातल्या कुळांचा संप १९३३ पासून चालू होता. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. सहा वर्षे शेत न कसता पोट कसे भरावे याचा विचार करा, म्हणजे त्या संपाची किंमत कळेल. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधानसभेवर मोर्चा घेऊन गेले. विधेयक तरीही संमत झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा झाला तो १९४९ साली. बारा वर्षे! परंतु तो झाला, याचे कारण सभागृहात मागणी आणि बाहेर मागणारे, अशी दोन्ही चाके गाडीला होती.

स्वराज्यात प्रौढ मतदान आले. खोताचे एक मत आणि कुळाचेही एक मत. १९५२ साली कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर गेले चिंतामणराव देशमुख. जन्म आपल्या रायगडाच्या पायथ्याशी, नाते गावचा. हुद्दा भारताच्या अर्थमंत्र्याचा. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे घाटत होते तेव्हा, १९५६ साली, त्यांनी त्या निर्णयाच्या निषेधार्थ मंत्रिपद सोडले. ते काही चळवळीतले पुढारी नव्हते, हाडाचे प्रशासक होते. तथापि ज्यांनी पाठविले ते एका बाजूस आणि मंत्रिमंडळ दुसऱ्या बाजूस, अशी वेळ आली तेव्हा त्यांनी खुर्ची सोडली. त्यानंतरच्या, १९५७ च्या निवडणुकीत कुलाब्याने शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम राऊत यांना पाठविले. नंतरच्या काळात दि. बा. पाटील, बॅरिस्टर अंतुले, रामशेठ ठाकूर अशी नावे येत गेली. मतदार कधी काँग्रेसकडे, कधी शेकापकडे वळत राहिला. म्हणजे तो कोणाच्या दावणीला बांधलेला नव्हता.

प्रतिनिधी मात्र हळूहळू वेगळ्या दाव्याला बांधला गेला. १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला. हेतू चांगला होता; बाजार थांबवावयाचा होता. त्यातून पक्षाचा आदेश मोडून मत देणाऱ्याचे सभासदत्व धोक्यात आले. या पक्षादेशाचा प्रश्न फिरत फिरत आपल्याच दारी आला, हा एक योगायोग. महाडमधून २००९ पासून २०२४ पर्यंत चारही वेळा भरत गोगावले निवडून आले. २०२२ साली शिवसेना दुभंगली तेव्हा एका गटाने त्यांना प्रतोद नेमले. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या नेमणुकीस विधानसभाध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा ठरविली, आणि १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षांनी आपल्या निकालात त्यांचीच नेमणूक ग्राह्य धरली. यात कोणाची बाजू खरी, हे सांगण्यास आम्ही येथे आलो नाही. आमचे म्हणणे एवढेच की, आदेश कोणाचा पाळावयाचा यावर देशभर एवढा काथ्याकूट झाला, त्यात महाड-पोलादपूरच्या मतदाराचा आदेश काय होता हे कोणी विचारले नाही. आणि विचारले असते, तर तो सांगण्यासाठी आपली सभा तरी कोठे भरत होती?

मतदारसंघाच्या सीमांचेही असेच. २००८ च्या पुनर्रचनेत जिल्ह्याचे दोन तुकडे झाले. पनवेल, कर्जत, उरण घाट ओलांडून मावळात गेले. पेण, अलिबाग, श्रीवर्धन आणि महाड यांना रत्नागिरीचे दापोली व गुहागर जोडून रायगड मतदारसंघ झाला. कारखान्यांचा बराच भाग एका खासदाराकडे, आणि मनीऑर्डरवर जगलेली गावे दुसऱ्याकडे.

मनीऑर्डरीचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. आमचे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर वळकटी घेऊन गावी आले ते कायमचे. त्याआधी त्यांचे पोट मुंबईत आणि मत सवला. आपल्याकडे अजूनही घरोघरी हीच स्थिती आहे. आता गिरणीऐवजी दुसरे काम, एवढाच फरक. निवडणुकीच्या आदल्या रात्री गाड्या भरून माणसे येतात, बोटाला शाई लावून परत जातात. त्यांचे मोल थोडे समजू नका. २०१४ साली अनंत गीते हे सुनील तटकरे यांच्यापेक्षा अवघी २,११० मते जास्त मिळवून निवडून आले. म्हणजे पन्नासही एस.टी. गाड्या भरणार नाहीत एवढी माणसे. ज्याला निकाल फिरविता येतो, त्याला मधली पाच वर्षे एक प्रश्नही विचारता येत नाही, ही गोष्ट आम्हांस खटकते.

येथवर दुसऱ्यांचे बोललो, आता स्वतःचे. कारण प्रतिनिधी आम्हीही आहोत. पंधराएक वर्षांपूर्वी एका कारखान्यात पगारवाढीचा करार चालला होता. वाटाघाटी अडल्या होत्या कंत्राटी कामगारांच्या मुद्द्यावर. मध्यरात्र उलटली. कायम कामगारांना बरी वाढ मिळते आहे, कंत्राटींचे पुढच्या करारात पाहू, असे मनाशी ठरवून आम्ही सही केली आणि सकाळी गेटवर येऊन सांगितले. टाळ्या पडल्या. गर्दी पांगल्यावर साफसफाईच्या कामावरची एक बाई पुढे आली. ती रागावलेली नव्हती. तिने विचारले, "भाऊ, तुम्ही आमच्या वतीनं गेला होतात, की आमच्या जागी?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. पुढचा करार येईपर्यंत कंत्राटदार बदलला आणि तिच्यासह बरीच माणसे कामावरून गेली. ती चूक आम्ही भरून काढू शकलो नाही. त्या दिवसापासून एक नियम मात्र केला : कराराचा मसुदा आधी गेटवर, सर्वांसमोर, कंत्राटींसह, मोठ्याने वाचावयाचा आणि मग सही. यात वेळ जातो, शिव्याही खाव्या लागतात. पण वतीने जाणे आणि जागी जाणे यांतला फरक एवढ्यानेच राहतो.

इंग्लंडातल्या चार्टिस्ट कामगारांनी १८३८ साली सहा मागण्यांची सनद काढली होती : सर्व पुरुषांना मत, गुप्त मतदान, सभासदाला मालमत्तेची अट नको, सभासदाला वेतन, समान मतदारसंघ, आणि दरवर्षी निवडणूक. पहिल्या पाच कालांतराने मिळाल्या. सहावी आजवर मिळाली नाही. दरवर्षी निवडणूक परवडणारी नव्हे, हे आम्हांसही कळते. पण त्या मागणीच्या पोटातली गोष्ट, म्हणजे दरवर्षी हिशेब, ती का सोडावी? सरपंचाला वर्षातून किमान चार ग्रामसभांना तोंड द्यावे लागते, असा कायदा आहे. आमदार-खासदारांसाठी तसा कायदा नाही. म्हणून ते काम आपले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीचा पूल वाहून गेला, एस.टी. गाड्यांतली माणसे गेली. त्यानंतर सगळे आले, आणि जून २०१७ मध्ये नवा पूल खुलाही झाला. पुलाबद्दल त्याच्या आधी विचारणारी सभा आपण भरविली होती काय, हा प्रश्न आम्ही प्रथम आम्हांलाच विचारतो.

तेव्हा सूचना साधी आहे. दरवर्षी २० मार्चच्या आसपास महाडात मतदारांची सभा भरावी. आमदार, खासदार, जिल्हा परिषदेचे सभासद, पक्ष कोणताही असो, सर्वांना बोलवावे. मुंबईकरांनाही बोलवावे, शिमग्याच्या दिवसांत ते गावाकडे येतच असतात. एक वही ठेवावी. मागल्या वर्षी काय मागितले, काय झाले, काय राहिले, हे तीन रकाने तीत असावेत. जो येईल त्याचे ऐकावे. जो येणार नाही त्याच्या नावापुढे 'गैरहजर' एवढेच लिहावे. शिवीगाळ नको, हार नकोत.

आणि प्रारंभ कोणी करावयाचा, असा प्रश्न निघेल म्हणून सांगतो. पहिल्या सभेत पहिला हिशेब आमच्या संघटनेचा राहील. ज्या बाईंची कहाणी आम्ही सांगितली, त्यांच्यासारख्या कंत्राटी कामगारांसाठी गेल्या पंधरा वर्षांत आम्ही काय केले आणि काय केले नाही, ते वाचून दाखवू. आपण प्रश्न विचारावेत.