आधी चाल ऐका

रेडिओवर किंवा मोबाइलवर तमिळ गाणं लागलं की आपल्या घरांत काय होतं, ते मला ठाऊक आहे. कुणीतरी म्हणतं, "बदल रे ते, काही कळत नाही." आणि दुसरी ओळ यायच्या आत गाणं बंद होतं. माझं आज एवढंच मागणं आहे, ते बंद करू नका. भाषा कळत नसेल तर चाल ऐकायला याहून चांगली संधी नाही. शब्द कळले की आपलं मन शब्दांमागे धावतं. ते कळले नाहीत की कान मोकळा राहतो. हे मी पुढच्या दहा मिनिटांत पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण कुणी स्वयंपाक करता करता ऐकत असेल, कुणी आत्ताच रेडिओ लावला असेल.

उदाहरण दूरचं नको, आपल्या मेणवलीचंच घेऊ. 'स्वदेस' कुठे झाला हे वाई तालुक्यात कुणाला सांगायला नको. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेचा घाट. पडद्यावर त्याचं उत्तरेतलं चरणपूर झालं. २००४ च्या डिसेंबरात चित्रपट लागला. शाहरुख खान कुठे उभा होता, कुठे बसला होता, हे आपण पाहुण्यारावळ्यांना हौसेनं दाखवतो. दाखवावंच. पण या चित्रपटाची गाणी तमिळमध्येही आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? तमिळमध्ये हा चित्रपट 'देसम' झाला. संगीत अर्थात ए. आर. रहमान यांचंच. हिंदी गाणी जावेद अख्तर यांनी लिहिली, तमिळ गाणी कवी वाली यांनी. म्हणजे घाट आपला, कृष्णा आपली आणि गाणं तमिळ. मेणवलीच्या माणसानं ते एकदाही ऐकलेलं नसावं, याचं मला वाईट वाटतं. खरं सांगायचं तर थोडा रागही येतो.

'ये जो देस है तेरा' तुम्हाला पाठ आहे. त्याचं तमिळ रूप 'उंदन देसत्तिन कुरल'. दोन्ही रहमान यांनी स्वतः गायली आहेत. चाल तीच, गळा तोच, बदलली ती फक्त भाषा. अशी जोडी सहजासहजी सापडत नाही. एरवी भाषा बदलली की गायक बदलतो आणि मग फरक कशामुळे पडला ते कळत नाही. इथे ती अडचण नाही. म्हणून काय करा, आधी हिंदी गाणं ऐका. मग तमिळ ऐका. मग पुन्हा हिंदी ऐका.

पहिल्यांदा हिंदी ऐकताना देश आठवेल, अमेरिकेत परत गेलेला चित्रपटातला मोहन भार्गव आठवेल, कुणाला परदेशात नोकरीला गेलेला आपला मुलगा आठवेल. हे सगळं शब्दांनी केलं. तमिळ लावलंत की यातलं काही हाताशी राहणार नाही. मग उरतं काय? उरते सनई. हिंदीत ती तुम्ही ऐकलीच होती, पण गाणं सुरू व्हायच्या आधीची तयारी म्हणून. आता लक्षात येईल की ती गायकाइतकंच बोलते. गळा वर कुठे चढला, तिथे टिकला किती, खाली उतरताना घाई केली की सावकाश उतरला, हे ऐकू यायला लागेल. आणि मग तिसऱ्या वेळी हिंदीकडे परत या. तेच गाणं, पण आता शब्दांच्या खाली चाललेलं सगळं ऐकू येतं. मधला तमिळ थांबा त्यासाठीच होता.

शिवणकाम करणाऱ्या भगिनींना माझं म्हणणं लवकर पटेल. एरवी आपण अंगाचं माप घेतो आणि मग कापड बेततो. सिनेमात बहुतेक वेळा उलटं असतं. आधी चाल शिवून तयार होते आणि मग तिच्यात शब्दांना बसावं लागतं. 'देसम'मध्ये तर त्यापुढची गोष्ट आहे. पोलकं शिवलं एकीच्या मापानं आणि घालायचं दुसरीनं. ते बसेल का? शिंपी चांगला असेल तर बसेल, कारण त्यानं शिवणीत माया ठेवलेली असते. थोडं उसवायचं, माया सोडायची, नवी टीप घालायची. तमिळ भाषेचं अंग हिंदीपेक्षा वेगळं आहे. तिच्यात जोडाक्षरांसारखी दुहेरी व्यंजनं खूप, शब्द लांब, एकाला एक प्रत्यय लागून आलेले. जिथे हिंदीनं एखादं अक्षर लांबवलं आहे, तिथे तमिळनं दोन-तीन अक्षरं बसवलेली दिसतील. ती माया सोडलेली जागा. कुठे टाके ताणलेले वाटतील, तेही ऐका. ज्या चालीत माया नसते तिला दुसरी भाषा घातली की ती काखेत काचते, आणि ते अडाणी कानालाही कळतं.

यातही दोन तऱ्हा आहेत. 'ये जो देस है तेरा' मागे वाजतं, पडद्यावर कुणी ते गात नाही. त्यामुळे तिथे कवीला थोडी मोकळीक असते. पण 'ये तारा वो तारा' पडद्यावर शाहरुख खान गाताना दिसतो. त्या गाण्यासाठी उदित नारायण यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आता अशा गाण्याला तमिळ शब्द लिहायचे म्हणजे ते चालीला जुळले पाहिजेत, अर्थाला जुळले पाहिजेत आणि हलणाऱ्या ओठांनाही जुळले पाहिजेत. तोंड मिटलेलं दिसत असताना लांब 'आ' चालत नाही. या कामाची कदर आपण कधी करतो का? डबिंग म्हणजे उष्टं काम, असं म्हणून मोकळे होतो. तसं म्हणू नका. त्याला फार मोठं कसब लागतं.

आणखी एक गोष्ट माहीत असू द्या, म्हणजे तमिळ गाणं ऐकणं सोपं जाईल. आपण यमक शोधतो ओळीच्या शेवटी. तमिळ कवितेत ओळींची सुरुवात जुळवतात. पहिली अक्षरं जुळली तर त्याला मोनै म्हणतात, दुसरी जुळली तर एदुगै. ही फार जुनी रीत आहे आणि सिनेमासाठी लिहिणारे कवीही ती सांभाळतात. शिवणकामाच्याच भाषेत सांगायचं तर आपली नक्षी काठाला, त्यांची गळ्याला. आपण काठाकडे बघत बसलो तर नक्षी दिसणार कशी? म्हणून तमिळ गाणं ऐकताना कान ओळीच्या सुरुवातीला लावा. आणि हो, 'ळ' ऐका. हिंदी गाण्यात तो मिळत नाही. तमिळमध्ये मिळतो, आणि आपल्या घरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं.

आता थोडं वाईकरांना बोलतो, रागावू नका. आपलं गाव प्राज्ञपाठशाळेचं, तर्कतीर्थांचं, विश्वकोशाचं. अर्थ लागल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे आपल्याकडे मुलांना लहानपणापासून शिकवतात. ग्रंथ वाचताना ते बरोबरच आहे. पण गाण्याच्या दारातही आपण तेच विचारतो, अर्थ काय? अर्थ कळला नाही तर आत येऊ देत नाही. गाण्याला हा नियम लावू नका. अर्थ नंतर विचारा. तमिळ जाणणारं कुणी ना कुणी भेटतंच, त्यांना जरूर विचारा. पण आधी चाल ऐका.

आणि परक्या प्रांतातली चाल आपल्याला नवी आहे, असंही नाही. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याची सुरुवात छापलेली असते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ च्या 'सौभद्रा'त कानडी मुलखातल्या चाली घेतल्या आणि त्यांत मराठी शब्द बसवले. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल याच परंपरेतले. त्यांची 'शारदा' १८९९ ची. आपल्या पणज्या-आज्या त्या पदांना रडल्या. ही चाल कुठल्या भाषेतून आली, असं त्यांनी विचारलं नाही. प्रभात कंपनी तर आपल्या कोल्हापुरातली, १९३३ साली पुण्याला गेली. तिनं १९३४ साली 'सीता कल्याणम्' हा चित्रपट तमिळमध्ये काढला. पुढे तमिळ सिनेमात मोठं नाव झालेल्या पापनाशम शिवन यांची सिनेमातली सुरुवात त्यातूनच झाली. तेव्हा तमिळ गाण्याला परकं म्हणणारे आपण कोण?

गळ्यांचंही तसंच. लताबाईंचं बालपण सांगलीत गेलं. त्यांनी १९८८ साली 'सत्या' या तमिळ चित्रपटात एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्याबरोबर 'वळैयोसै' गायलं. संगीत इळैयराजा यांचं आणि शब्द, योगायोग पाहा, याच वाली यांचे. ते गाणं लावा आणि सांगलीच्या घरातला आवाज तमिळमध्ये कसा वागतो ते ऐका. दाभोळच्या साधना सरगम यांना 'अळगी' या तमिळ चित्रपटातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि हरिहरन, मुंबईत वाढलेले, तमिळ घरातले, 'स्वदेस'मध्येही त्यांचा आवाज आहे. त्यांना 'जोगवा' या मराठी चित्रपटातल्या गाण्यासाठीही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'जोगवा' ऐकताना तुम्ही म्हणालात का, की गाणारा मराठी नाही, बंद करा? नाही म्हणालात. मग तिकडच्या गाण्याला इकडे तेवढी तरी जागा द्या.

वेळ भरत आली आहे, पण तंजावरचं सांगितल्याशिवाय थांबवत नाही. कृष्णाबाईच्या उत्सवात आपण कीर्तनाला बसतो. बुवा मध्येच साकी म्हणतात, दिंडी म्हणतात. या साक्या-दिंड्या मराठी कीर्तनकारांबरोबर भोसल्यांच्या तंजावरला गेल्या. तिथल्या हरिकथेनं त्या उचलल्या आणि त्यांत तमिळ शब्द बसले. म्हणजे पोलकं आपण शिवलेलं, माया आपल्याच माणसांनी ठेवलेली, आणि तमिळनं ते अंगावर घातलं. हरिकथेतून ते पुढे नाटकात गेलं, नाटकातून सिनेमात किती आलं, हे शोधण्यासारखं आहे. जुन्या तमिळ चित्रपटांच्या गाण्यांत साकीची, दिंडीची चाल कान लावून शोधली पाहिजे, आणि आपल्या कीर्तनकारांनीच ती शोधली पाहिजे. त्यांच्याइतकी ती दुसऱ्या कुणाला ओळखू येणार? पण हा विषय मोठा आहे, तो इथेच सोडावा लागतो.

ज्यांनी उशिरा रेडिओ लावला त्यांच्यासाठी शेवटचं सांगतो. 'स्वदेस'मधल्या 'ये जो देस है तेरा' या गाण्याचं आधी हिंदी रूप ऐका, मग तमिळ, मग पुन्हा हिंदी. गाण्याच्या क्लासच्या शिक्षकांनी मुलांना एकदा हे करायला लावावं आणि मुलांनी काय ऐकलं ते त्यांनाच सांगू द्यावं. ऐकून झाल्यावर मला केंद्राच्या पत्त्यावर पत्र लिहा. आवडलं नाही, असं लिहिलंत तरी चालेल. पण पूर्ण ऐकून मग लिहा.