मेंढवाड्याला छप्पर हवं

हिमबिबट्यावर बोला, असं मला सांगितलंय. पण मी बोलणार आहे मेंढवाड्याच्या छपरावर, कारण माझ्या मते हिमबिबट्याचा जीव तिथंच अडकलाय.

जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या अंदाजानुसार भारतात ७१८ हिमबिबटे आहेत. त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. माणसांची गुरं चरतात त्याच डोंगरउतारांवर ते फिरतात.

आता हिवाळ्यातली रात्र डोळ्यांपुढं आणा. शेळ्या-मेंढ्या दगडी भिंतींच्या वाड्यात कोंडलेल्या. भिंत फार उंच नाही, आणि वर उघडं आभाळ. हिमबिबट्याला ती उडी म्हणजे काहीच नाही. तो आत उतरला की जनावरं भेदरून सैरावैरा धावतात, बाहेर पडायला वाट नसते. जे पळेल त्यावर झडप घालायची, हा त्याचा स्वभाव. भूक एका मेंढीची, पण सकाळी दहा-वीससुद्धा मरून पडलेल्या सापडतात. पोरांची फी, लग्नकार्य, सगळं त्या वाड्यात असतं. अशा सकाळी मालकानं दगड उचलला, तर त्याला इथं बसून नावं ठेवायला मी तयार नाही.

घरात दुधाचं पातेलं उघडं ठेवलं आणि मांजरानं तोंड घातलं, तर आई मांजराला हाकलायची आणि आपल्यालाही बोलायची, ‘झाकण कुणी ठेवायचं?’ लडाखमध्ये नेमकं हेच झाकण घातलं गेलं. रिंचेन वांगचुक या लडाखी माणसानं आणि त्यांच्या संस्थेनं गावोगाव जाऊन वाड्यांवर लाकडी वासे टाकून तारेची जाळी बसवायला, दार घट्ट करायला मदत केली. सामान संस्थेचं, दगड आणि मेहनत गावाची. अशा वाड्यांतलं हत्याकांड जवळपास थांबलं. पुन्हा सांगतो, कारण हे साधं वाटतं म्हणून निसटतं : भिंत नव्हे, छप्पर. वरची जाळी.

पण झाकण फुकट येत नाही. ज्याच्या घरचं दूध सांडलं, त्यानंच ते विकत आणावं, असं आपण दूर बसून म्हणू नये. आणि मांजराला उंदीरही हवेत! भरल, म्हणजे निळी मेंढी, आणि आयबेक्स हे हिमबिबट्याचं खरं अन्न. कुरणं पाळीव कळपांनीच संपवली की ही रानजनावरं घटतात, आणि हिमबिबट्या गावाकडं वळतो. स्पितीतल्या किब्बर गावानं म्हणूनच आपल्या कुरणाचा काही भाग चराईतून मोकळा ठेवला.

पण जाळी याकला वाचवत नाही. याक आणि घोडे रात्रीसुद्धा डोंगरावर मोकळे असतात. त्यासाठी किब्बरमध्येच २००२ मध्ये गुरांचा विमा सुरू झाला. त्यामागं वन्यजीव अभ्यासक चारुदत्त मिश्रा आणि त्यांचे सहकारी होते. हप्ता गुराखी भरतात, मेलेलं जनावर गावाची समिती पाहते, पैसेही गावातच मिळतात. कागद घेऊन तालुक्याला खेटे घालावे लागत नाहीत. माणूस रागावलेला असतो तेव्हाच पैसा हातात पडला पाहिजे, हे मिश्रांना कळलं होतं.

मग आपण काय करायचं? तुमच्यापैकी कितीतरी जण दर उन्हाळ्यात लेहला जाता. पँगाँगला फोटो काढता आणि परत येता. हेमिस राष्ट्रीय उद्यानात रुंबाक नावाचं गाव आहे. तिथं घरोघरी पाहुण्यांची सोय होते, आणि त्या पैशातला काही भाग गावाच्या निसर्गनिधीत जातो. तिथं एक रात्र राहा. घरातल्या आमाले, म्हणजे आईंना, ‘तुमच्या वाड्यावर जाळी आहे का?’ एवढं विचारा. त्यांना सांगायला पुष्कळ असेल, ऐकून घ्या.

आणि एक. हॉटेलांच्या, छावण्यांच्या उष्ट्यावर वाढलेली मोकाट कुत्री आता मेंढ्याही मारतात, भरलांनाही पळवून दमवतात, आणि कधीकधी तो आळ मात्र हिमबिबट्यावर येतो. ती आपल्याच सहलींच्या उष्ट्यावर पोसली जातात, तेव्हा उरलेलं अन्न रस्त्याकडेला टाकू नका, आणि त्यांच्या नसबंदीचं म्हणाल, तर... घड्याळ खुणावतंय. ते पुन्हा केव्हातरी.