खर्जाची पेटी आणि आजोबांचे कान

दिवाळीच्या सुमारास पुष्कळ घरांतून एक नवा पाहुणा येतो. त्याचें नांव होम थिएटर. पांच लहान स्पीकर, सहावी एक जड, काळी, गुडघ्याइतकी उंच पेटी, आणि या सर्वांना तारांनीं बांधून ठेवणारा एक रिसीव्हर, एवढा त्याचा परिवार. त्या सहाव्या पेटीला दुकानदार सबवूफर म्हणतो. खर्जाची पेटी हें नांव तिला अधिक शोभेल. पहिल्या दिवशीं पडद्यावर ढग गडगडतात, कपाटांतल्या कपबशा किणकिणतात आणि मुलें टाळ्या पिटतात. दुसऱ्या दिवशीं एखादा चित्रपट लागतो, आणि मागच्या भिंतीशीं टेकलेल्या आरामखुर्चींतून प्रश्न येतो, "काय म्हणाला रे तो?"

नातू सांगतो. पांच मिनिटांनीं प्रश्न पुन्हां येतो. आठवड्याभरांत नातवाच्या उत्तरांत चिडखोरपणा डोकावूं लागतो, सूनबाई हळूच म्हणतात, "मामंजींना आतां ऐकूं कमी येतें," आणि एके दिवशीं आजोबा 'झोंप येते आहे' असें सांगून नऊ वाजतांच आंतल्या खोलींत निघून जातात. यंत्र बिघडलेलें नसतें. आजोबांचे कानहि त्या एका आठवड्यांत बिघडलेले नसतात. मग दोष कोठें असतो?

मनुष्याच्या बोलण्याचा अर्थ पुष्कळसा व्यंजनांवर अवलंबून असतो. स्वर लांबट व जोरकस. व्यंजनें क्षणिक आणि दुबळीं. 'पाणी' आणि 'गाणी' यांतील भेद तो केवढा! स, श, त यांसारखीं व्यंजनें कान ज्या कंपनांवरून ओळखतो, तीं दर सेकंदास दोन हजारांच्या आसपास व त्याहून पुष्कळ वर असतात. आणि वयोमानानें कान प्रथम झिजतो तो याच वरच्या टोंकाकडून. दुसरें असें कीं, खालच्या सप्तकांतला मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला गिळून टाकतो. शेजारीं कोणी डग्ग्यावर दणदणीत हात मारीत असतां कुजबुजून पाहावें, म्हणजे याची प्रचीति येईल. तरुण कान उरल्यासुरल्या खुणांवरून वाक्य जुळवून घेतो. म्हाताऱ्या कानाजवळ तेवढी शिल्लक नसते. खर्जाची पेटी वाजवीपेक्षां मोठी झाली कीं तिचा दंड घरांत सर्वांत आधीं आजोबा भरतात.

पण ती मोठी करतो कोण? गंमत अशी कीं, जाणूनबुजून कोणीच करीत नाहीं. बैठकीची खोली ५ मीटर, म्हणजे सुमारें १६ फूट लांब आहे असें समजूं. हवेंत ध्वनि दर सेकंदास सुमारें ३४४ मीटर धांवतो. दर सेकंदास ३४ कंपनांच्या खर्जाची एक लाट जवळजवळ १० मीटर लांब होते, आणि खोली तिच्या बरोबर निम्मी. अशी लाट दोन भिंतींमध्यें कोंडली जाते. परातींत पाणी घेऊन ती हलकेच मागें-पुढें केली, तर पाणी दोन्ही कडांशीं उंच चढतें-उतरतें, मध्यभागीं मात्र पातळी जवळपास तशीच राहते. खोलींतल्या त्या स्वराचेंहि तसेंच. भिंतीशीं तो दुथडी भरून वाहतो आणि मध्यभागीं कोरडा पडतो. नातू सतरंजीवर मध्यभागीं बसलेला. त्याला खर्ज फिका वाटतो. तो पेटीचें बटण फिरवितो, आणखी फिरवितो, आणि समाधान पावतो. आजोबांची खुर्ची भिंतीशीं. तेथें पूर आलेला असतो. दोघेहि आपापल्या जागीं खरे असतात, आणि दोघांनाहि एकमेकांचें खरें वाटत नाहीं. एकानें उठून दुसऱ्याच्या जागीं बसून पाहिलें असतें तर भांडण दोन मिनिटांत मिटलें असतें.

हा केवळ एका स्वराचा हिशेब झाला. खोलीची रुंदी आणि उंची यांचे स्वर निराळे, आणि त्यांच्या कोरड्या जागाहि निराळ्या. त्यांतून ही पेटी बहुधा कोपऱ्यांत, जेथें पाय अडखळणार नाहीं अशा बेतानें ठेवलेली असते. आणि कोपऱ्यांत तर खोलीचे सर्वच स्वर जोरानें उठतात. गवयाच्या तंबोऱ्याचा खर्ज काळी एकमध्यें दर सेकंदास सुमारें ६९ कंपनांचा असतो. पांच मीटरांच्या खोलीचा दुसरा स्वर त्याच्या अगदीं जवळ पडतो. अशा खोलींत मैफलीचें ध्वनिमुद्रण लावलें असतां तंबोऱ्याची एकच तार घुमत राहिली, तर गवयाच्या साथीदाराला दोष देऊं नये.

उपाय विनाखर्चाचा आहे, परंतु थोडा हास्यास्पद. आरामखुर्ची प्रथम भिंतीपासून हात-दोन हात पुढें घ्यावी. मग ती बाजूस सारून तिच्या जागीं खर्जाची पेटीच ठेवावी. ज्यांत खर्जाचे निरनिराळे स्वर सावकाश चढत जातात असें परिचित संगीत लावावें, आणि नातवानें भिंतीच्या कडेकडेनें गुडघ्यांवर रांगत जावें. कोठें आवाज फुगतो, कोठें बुडतो, आणि एखाद्या ठिकाणीं सर्व स्वर सारखे येतात. ती जागा खडूनें खूण करून ठेवावी. पेटी तेथें आणावी आणि खुर्ची परत जागेवर न्यावी. दोन ठिकाणांमधला ध्वनीचा मार्ग उलटसुलट दोन्ही बाजूंनीं सारखाच असतो, म्हणून ही युक्ति साधते. एरवीं ती जड पेटी खोलीभर फिरवीत बसावें लागेल.

जागा ठरली म्हणजे रिसीव्हरकडे वळावें. त्यांत प्रत्येक स्पीकर 'लार्ज' कीं 'स्मॉल' असें विचारलेलें असतें. मालकाचा अभिमान येथें आडवा येतो आणि तो 'लार्ज' निवडतो. या शब्दाचा पेटीच्या प्रतिष्ठेशीं कांहीं संबंध नाहीं. 'स्मॉल' म्हटलें कीं खालचा खर्ज त्या स्पीकरकडे न जातां सबवूफरकडे जातो, एवढेंच. ही सीमा सामान्यतः दर सेकंदास ८० कंपनांवर ठेवितात. कारण त्याच्या खालचा आवाज कोणत्या दिशेनें आला हें कानाला नीटसें सांगतां येत नाहीं. पेटीच्या पाठीमागें ० आणि १८० असे आंकडे असलेली एक खटकी असते. ती दोन्ही बाजूंस लावून आजोबांच्या खुर्चींत बसून ऐकावें आणि ज्या बाजूस खर्ज भरीव वाटेल तेथें राहूं द्यावी. रिसीव्हरसोबत मोजणीचा मायक्रोफोन आला असल्यास तोहि त्याच खुर्चींत, बसल्या कानाच्या उंचीवर ठेवावा. हातांत धरूं नये, आणि पंखा बंद करावा.

आतां मधल्या स्पीकरविषयीं. १९३१ सालीं इंग्लंडांत ॲलन ब्लुमलाइन नांवाच्या अभियंत्यानें द्विमार्गी ध्वनीचें पेटंट मागितलें. पडद्यावरचा नट एकीकडे आणि त्याचा आवाज भलतीकडे, ही चित्रगृहांतली विसंगति त्याला खटकली होती असें सांगतात. आज पांच स्पीकरांच्या योजनेंत चित्रपटाचें संभाषण बहुतेक सगळें मधल्या स्पीकरवाटे येतें. आणि नेमका हाच बिचारा शोकेसच्या खणांत, ढालींच्या आणि छायाचित्रांच्या मागें कोंडलेला असतो! त्याला खणाच्या अगदीं कांठाशीं आणावा, त्याचें तोंड किंचित् वर करून ऐकणाराच्या कानाकडे वळवावें, आणि त्याची पातळी दोन-तीन डेसिबेलनीं चढवावी. कांहीं घरीं जागेअभावीं हा स्पीकर लावलेलाच नसतो, पण रिसीव्हरला तें सांगितलेलें नसतें. तेव्हां पाऊस पडतो, गाडी धांवते, सनई वाजते, आणि माणसें मात्र मुकीं होतात. सेटिंगमध्यें मधला स्पीकर 'नाहीं' असें नोंदवितांच त्यांना वाचा फुटते.

तारांची चूक ओळखणेंहि सोपें आहे. समोरच्या दोनच स्पीकरांवर बातम्या लावाव्या आणि मधोमध बसावें. निवेदकाचा आवाज दोहोंच्या मधून, एका ठिकाणाहून आला पाहिजे. तो डोक्याभोंवतीं पसरल्यासारखा, बेपत्ता वाटला आणि खर्जहि पातळ झाला, तर कोठें तरी तांबडी तार काळ्या जागीं गेली आहे. सारखी गुंई गुंई येत असेल तर ती बहुधा विजेच्या ५० कंपनांची. केबलच्या डब्याची तार क्षणभर काढून पाहावी. गुणगुण थांबली तर चोर तेथेंच आहे. मात्र गुणगुण घालविण्यासाठीं तीन कांट्यांच्या प्लगाचा अर्थिंगचा कांटा कोणीं कापूं नये. यांत प्राणाशीं गांठ आहे.

शहरांतल्या खोलीला लादीची फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या. त्यांत शब्द आपटून आपटून बोथट होतो. १८९५ सालीं हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहांत प्राध्यापकांचें बोलणें समजेना. उच्चारलेला शब्द कांहीं सेकंद रेंगाळे. वॉलेस सेबाइन या तरुण अध्यापकाकडे तें काम आलें. त्यानें रात्रींच्या शांततेंत जवळच्या नाट्यगृहांतल्या खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणल्या, त्या एकेक वाढवीत घुमारा किती घटतो तें मोजलें, आणि उजाडण्यापूर्वीं गाद्या जागच्या जागीं पोंचविल्या. वास्तुध्वनीचें शास्त्र या गाद्यांतून जन्मलें. घरांत जाड पडदा, सतरंजी, पुस्तकांनीं भरलेलें उघडें कपाट यांनीं तेंच काम होतें. परंतु तीं सारीं व्यंजनांच्या उपयोगाचीं. खालचा खर्ज पडद्याला दाद देत नाहीं.

तो भिंतीलाहि देत नाहीं, हें खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाला विचारावें. त्यांना संवाद ऐकूं येत नाहीं, केवळ धडधड पोंचते. पेटीखालीं रबराच्या गाद्या ठेवल्यानें फरशीचा थरथराट कमी होतो, हवेंतून जाणारा खर्ज फारसा नाहीं. भारतांत २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं दहा ते सकाळीं सहा या वेळेंत निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबेल आहे. आवाज लहान केला कीं कानाला खर्ज सर्वांत आधीं कमी वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनीं १९३३ सालींच हें मोजून दाखविलें. नातू तेव्हां पुन्हां बटणाकडे हात नेईल. त्याऐवजीं रिसीव्हरमधील 'नाइट' ही योजना लावावी. तिनें स्फोट लहान आणि कुजबुज मोठी होते.

शेवटची परीक्षा ढगांच्या गडगडाटानें घेऊं नये. चित्रपटांतला दोन माणसें हलक्या आवाजांत बोलत असल्याचा एखादा प्रवेश निवडावा, आजोबांना खुर्चींत बसवावें आणि रिमोट त्यांच्याच हातीं द्यावा. खर्जाची पेटी प्रथम बंद. सगळे शब्द लागले असें त्यांनीं सांगितल्यावर तिचें बटण शून्यापासून हळूहळू चढवावें, आणि ज्या क्षणीं ते विचारतील, "काय म्हणाला रे तो?" त्या क्षणीं थोडें मागें घेऊन तेथेंच खूण करावी.