पाने गाळणारा पाहुणा

नाताळचा आठवडा जवळ आला की दिल्ली, कोलकाता, बंगळूर, मुंबई अशा शहरांतील रोपवाटिकांच्या दारांशी एक तांबडी आरास उभी राहते. लहान लहान कुंड्या, त्यांना गुंडाळलेला चकाकता कागद, आणि हिरव्या पानांच्या माथ्यावर पसरलेली लालभडक चांदणी. हे पॉइन्सेटियाचे झाड. कोणी ते हौसेने घरी नेतो, कोणी स्नेह्यास भेट म्हणून देतो. दोन-तीन आठवडे दिवाणखाना उजळून निघतो. मग एके सकाळी कुंडीपाशी दोन पिवळी पाने पडलेली दिसतात. दुसऱ्या दिवशी चार. घरातील मंडळी चिंतेत पडतात आणि जो तो जाता-येता तांब्याभर पाणी ओततो. महिनाभरात नुसत्या काठ्या उरतात. 'आमच्या हातचे झाड जगत नाही,' असे म्हणून कुंडीची रवानगी जिन्याखाली होते.

वास्तविक दोष हाताचा नसतो, घाईचा असतो. पान गळणे ही तक्रार आहे, मृत्यू नव्हे. ती तक्रार कशाची, हे समजण्यासाठी या पाहुण्याचे मूळ घर पाहिले पाहिजे.

पॉइन्सेटिया मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. तेथील उबदार डोंगरउतारांवर ते कुंडीत मावणारे रोप नसून दहा-बारा फूट वाढणारे झुडूप आहे. डिसेंबरात ते रंगते, म्हणून मेक्सिकोतील लोक त्याला 'नोचेबुएना', म्हणजे नाताळची पूर्वरात्र, या नावाने ओळखतात. जोएल पॉइन्सेट हे अमेरिकेचे मेक्सिकोतील पहिले राजदूत. त्यांनी १८२८ च्या सुमारास ही रोपे मायदेशी धाडली, आणि पुढे त्यांचेच नाव झाडाला चिकटले. कुळाने मात्र हे झाड आपल्याला परके नाही. आपल्याकडे कुंपणाला लावतात त्या शेराचे ते भावंड. फांदी मोडली तर तसाच पांढरा चीक येतो. तो कातडीला झोंबतो, म्हणून डोळ्यांपासून व मुलांपासून जपावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्याला आपण फूल म्हणतो त्या लाल पाकळ्या नसून रंग बदललेली पानेच होत. खरी फुले म्हणजे मधोमध असलेले बारीक पिवळे मणी.

उबेत आणि उजेडात वाढलेले असे रोप बंद, अंधाऱ्या दिवाणखान्यात आणले की पहिली काही पाने गळणारच. त्यातून डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडील रात्री कडक असतात. पारा १० अंशांच्या खाली गेला, किंवा खिडकीच्या फटीतून गार वारा अंगावर आला, की पाने माना टाकतात. खोली गरम करणाऱ्या शेगडीजवळ ठेवले तर कोरड्या उष्ण हवेनेही तेच होते. दिवसा भरपूर उजेड, रात्री १५-१६ अंशांची ऊब आणि वाऱ्याच्या झोतापासून आडोसा, एवढी जागा एकदा निवडावी व मग कुंडी रोज हलवू नये.

परंतु थंडीने जितकी झाडे दगावतात त्याहून अधिक पाण्याने दगावतात. तहानलेले झाड कोमेजते, आणि मुळे कुजलेले झाडही अगदी तसेच कोमेजते. कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही. भोवती चिखल असून झाड तहानलेलेच राहते. वरवर पाहणाऱ्याला दोन्ही सारखी दिसतात. तो पाणी घालतो आणि दुसऱ्याचा शेवट जवळ आणतो. निवाडा करण्यास बोट पुरेसे आहे. मातीत ते एका पेरापर्यंत खुपसावे. माती कोरडी लागली तर तळाच्या भोकातून वाहीपर्यंत पाणी द्यावे. ओली लागली तर तांब्या खाली ठेवावा. सर्वांत आधी तो शोभेचा कागद काढावा, कारण निथरलेले पाणी त्यातच साचते आणि मुळे त्यात बुडून राहतात.

इतके करूनही माघ-फाल्गुनात पाने झडू लागली, तर तो आजार समजू नये. बहर ओसरला, आता विसावा, असा तो अर्थ. या काळात पाणी कमी करावे, खत मुळीच देऊ नये. उन्हाळ्याच्या तोंडाशी फांद्या वीतभर उंचीवर छाटाव्यात. कोंब फुटले की जरा मोठ्या कुंडीत, शेणखत आणि वाळू मिसळलेल्या भुसभुशीत मातीत रोप लावावे. जेथे हिवाळ्यात दहिवर गोठत नाही तेथे ते सरळ अंगणात लावले तरी चालते. उलट तेथेच ते मोकळेपणी वाढते. पावसाळ्यात कोवळे शेंडे खुडले की फांद्या वाढतात.

उरतो तो लाल रंगाचा प्रश्न. तो रंग खताने येत नाही, अंधाराने येतो. ऑक्टोबरपासून रात्र मोठी होऊ लागली की झाड रंगण्याची तयारी करते. घरातील कुंडीला आठ ते दहा आठवडे रोज १४ तासांचा अखंड काळोख लागतो. म्हणून सायंकाळी पाचला तिच्यावर खोके पालथे घालावे व सकाळी सातला काढावे. दिवसा मात्र तिला चांगला उजेड हवा. अंगणातील झाडाचे हे काम निसर्गच करतो. फक्त रस्त्यावरच्या दिव्याचा झोत त्यावर पडू नये. दिव्याकडची बाजू हिरवीच राहते आणि पाठीमागची लाल होते, असे अर्धेमुर्धे रंगलेले झाड पुष्कळांनी पाहिले असेल.

तेव्हा जिन्याखाली टाकलेली कुंडी फेकण्यापूर्वी एक लहानशी परीक्षा अवश्य करावी. काठीची साल नखाने किंचित खरवडावी. आत तपकिरी, कोरडे लाकूड दिसले तर त्या फांदीत प्राण उरलेला नाही. मग थोडे खाली, बुंध्याजवळ, पुन्हा खरवडून पाहावे. कोठेही हिरवा पापुद्रा दिसला आणि चिकाचा पांढरा थेंब डोकावला, तर झाड जिवंत आहे. त्याला उजेडात आणावे, हात आखडून पाणी द्यावे आणि चैत्राची वाट पाहावी. आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्याला औषधाइतकाच धीरही जवळ बाळगावा लागतो. या झाडाजवळ तर औषधाहून धीरच अधिक लागतो.