मनाची कवायत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा मी कार्यवाहताईंना म्हटले, "बाई, मला पापड-कुरडयांवर बोलायला सांगा, तेवढेच मला येते." त्यावर त्या म्हणाल्या, "आपल्या गल्लीतल्या मुली भरतीसाठी पहाटे पळायला जातात. त्यांच्या आयांच्या मनात धास्ती आहे. त्यांना चार शब्द सांगा." नाही म्हणवले नाही.

आपले जालना तसे पोलिसांचेच गाव. राज्य राखीव पोलीस बलाचा तिसरा गट इथे आहे, पोलीस प्रशिक्षण केंद्रही इथेच आहे. पोलीस शिपायाच्या भरतीत मुलींना 800 मीटर आणि मुलांना 1600 मीटर पळावे लागते. मिनिटे-सेकंद मोजतात, छाती मोजतात, उंची मोजतात. पण ज्या मनाच्या जोरावर पुढे तीस वर्षे नोकरी करायची, ते मोजायला घड्याळ नाही. ते तयार मात्र करता येते. आज तेवढेच सांगायचे आहे.

आमच्या घरचे पोलीस खात्यात होते. त्यांची परवानगी घेऊनच पुढचे सांगते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना किल्लारीला भूकंप झाला. गणपती बोळवून लोक निजले होते. दगडमातीची घरे झोपलेल्यांच्या अंगावर आली आणि हजारो माणसे गेली. त्यातच पाऊस. हे तिकडे कामावर गेले आणि तीन आठवड्यांनी परतले. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मी देवापुढे साखर ठेवली.

पण पुढे रोज पहाटे चारच्या सुमारास यांना जाग येई आणि हे अंगणात जाऊन बसत. जेवणावरची वासना गेली. फिनेलचा वास आला की उठून जात. मी आपली शहाणी! "झाले गेले विसरा, पुरुषासारखे पुरुष तुम्ही," असे रोज सांगे. पाहुण्यांसमोर "तिथले सांगा ना" म्हणून आग्रहही करी. दोन्ही चुकलेच. एक दिवस त्यांच्याबरोबर तिथे काम केलेला एक सोबती आला. दोघे चहा घेऊन अंगणात बसले. फार बोललेही नाहीत. त्या रात्री हे वर्षभरात पहिल्यांदा उजाडेपर्यंत झोपले.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आले. त्यातून कळले ते असे, की मन घट्ट असणे म्हणजे डोळ्यांत पाणी न येणे नव्हे. संकटात हातचे काम न सुटणे आणि संकट सरल्यावर माणूस पुन्हा माणसांत येणे, या दोन्ही गोष्टी मिळून मनाचा कणखरपणा होतो. पहिली शिकवतात, दुसरीकडे मात्र पुष्कळदा कोणाचेच लक्ष नसते.

पहिली कशी शिकवतात? पायरीपायरीने. अग्निशमन दलाच्या जवानाला एकदम आगीत धाडीत नाहीत. आधी उजेडात दोरी-शिडीचा सराव, मग अंधारात, मग धुराने भरलेल्या खोलीत. विहिरीत पोहायला शिकवताना आपण पाठीला भोपळा बांधतो आणि हळूहळू सोडतो, तसेच हे. थोड्या भीतीची सवय झाली की मोठी भीती आली तरी हातपाय गळत नाहीत. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. अशा जागी विचार करायला उसंत नसते. हाताला वळण असेल तेवढेच कामी येते. म्हणून तीच कवायत शंभरदा करून घेतात. तिला कंटाळवाणी म्हणू नये.

दुसरे साधन श्वासाचे. भीतीने छाती धडधडते, हात थरथरतात, नजर आखडते. छातीला हुकूम करता येत नाही, पण श्वासाला करता येतो. चार अंक मोजीत श्वास घ्यावा, सहा अंक मोजीत सोडावा. सोडणे लांबले की हृदयाची गती उतरते. सैन्यातही हे शिकवतात आणि आपल्याला तर प्राणायाम नवा नाही. फक्त तो निवांत वेळी रोज केलेला असावा, तरच अडचणीच्या वेळी आठवतो.

तिसरे म्हणजे मनाशी बोलणे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आपल्याच जिल्ह्यातले. त्यांनी गावोगाव मारुती बसवून तरुणांना बलोपासना लावली आणि श्लोक लिहिले ते थेट मनाला हाक मारून. आज जवानांना शिकवणारेही हेच सांगतात, की घाबरलेल्या स्वतःला तिऱ्हाइतासारखी हाक मारा आणि पुढचे एकच लहान काम सांगा : "आता दोरी बांध. आता दार उघड." सगळे संकट एकदम पाहू नका.

आता दुसरी गोष्ट, परत येण्याची. ती पुष्कळशी आपल्या हातात आहे. पूर्वी समज असा होता, की मोठ्या आघातानंतर माणसाला लगेच बसवून सगळे वदवून घ्यावे. पुढे अभ्यासांत दिसले, की अशा एकाच बैठकीने उपयोग होत नाही, कधी अपायही होतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली मानसिक प्रथमोपचाराचे पुस्तक काढले. त्याचे सार तीन शब्दांत आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. त्याला काय हवे ते पाहावे, बोलेल तेवढे ऐकावे आणि त्याच्या माणसांशी, गरज पडल्यास डॉक्टरांशी, गाठ घालून द्यावी. आमच्या अंगणात त्या सोबत्याने न शिकता हेच केले होते.

तेव्हा भरतीला जाणाऱ्या मुलींच्या आयांना माझे सांगणे एवढेच. मुलीला बदाम-दूध द्या, तशी झोपही द्या. झोपमोड झालेले मन लवकर खचते. ती हरून आली तर "तुझ्याने होणार नाही" म्हणू नका. आणि उद्या ती वर्दीत घरी येऊन गप्प बसली, तर प्रश्नांचा भडिमार करू नका. ताट वाढा आणि जवळ बसा. महिना उलटूनही झोप नाही, अन्न नाही, चिडचिड वाढली किंवा दारूकडे हात गेला, तर मात्र लपवू नका. सरकारने 2022 पासून टेली-मानस ही सेवा सुरू केली आहे, तिचा क्रमांक 14416. सैन्यातील माणसे व त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात 2023 साली तिचा निराळा कक्षही उघडला. ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातो, तिथे लाज वाटत नाही, मग इथेच का वाटावी?

मंडळापुढे एक सूचना ठेवते. गल्लीतले कोणी बंदोबस्ताला किंवा पुरावर गेले, की त्या घरी रोज एकीने जाऊन यावे. मुलांचा अभ्यास घ्यावा, भाजी आणून द्यावी. घर सावरलेले आहे हे कळले, की तिकडच्या माणसाचे निम्मे मन हलके होते.

आमचे हे आता निवृत्त आहेत. अजूनही कधी पहाटे चारला अंगणात जाऊन बसतात. फरक इतकाच, की आता मी "विसरा" म्हणत नाही. दोन कप चहा करते आणि जाऊन शेजारी बसते.