वाक्य तुटलं, की 108

मिरजोळ्यात पाऊस लागला,
की भिंतींना ओल येते, बुरशी धरते.
दमेकऱ्याची छाती तेव्हाच घरघरू लागते.

एक खूण लक्षात ठेवा.
साधं वाक्य एका दमात पुरं होत नाही?
ओठ निळसर दिसतात?
मग काढा उकळत बसू नका.
रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा.

रत्नागिरी जवळ आहे खरी,
पण अशा माणसाला दुचाकीवर नेऊ नका.
आडवंही करू नका.
ताठ बसवा.
तातडीचा पंप, सहसा निळा असतो तो, द्या.
एका वेळी एकच फवारा.

रुग्णालयात ऑक्सिजन मिळतो,
नेब्युलायझरमधून औषधाची वाफ मिळते.
शिवाय स्टेरॉइड.
त्या नावाला लोक उगाच बिचकतात.
श्वासनळीची सूज तेच उतरवतं,
पण त्याला काही तास लागतात.
म्हणून लवकर निघायचं.

पुन्हा सांगते.
वाक्य तुटलं, की 108.
आणि पंप सोबत घ्या,
डॉक्टर तो बघायला मागतील.